ग्वाल्हेरला नवीन आलात? पहिला उन्हाळा असा काढा

दर मार्चमधे माझ्याकडे कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. भाच्याची बदली झालीय, मैत्रिणीची मुलगी एलएनआयपीईला, म्हणजे इथल्या शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत, शिकायला आलीय, कोणाच्या तरी नव्या सुनेचं माहेर ठाण्याचं आहे, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न की ताई, तिथला उन्हाळा म्हणे फार वाईट असतो, काय काळजी घ्यायची? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

मी मूळची डोंबिवलीची. लग्न होऊन लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आले त्याला अठरा वर्षं झाली. पहिल्या एप्रिलमधली गोष्ट आधी सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. दुपारी बाराच्या सुमारास दौलतगंजला गेले होते, अंगात काळा कुर्ता, तासभर दुकानं फिरले आणि मनात म्हणत होते की वा, किती छान कोरडी हवा आहे, आपल्याकडच्यासारखी चिकचिक नाही, घामाचा थेंब नाही. घरी येऊन कुर्ता काढला तर पाठीवर आणि काखेत पांढऱ्या रेघा, खडूने ओढल्यासारख्या. सासूबाईंनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं मीठ आहे हे. घाम आलेला तुला, वाऱ्याने नेला." त्या रात्री डोकं असं ठणकत होतं की उशी नको वाटली, पोटऱ्यांत गोळे आले आणि लघवीला जळजळ, म्हणजे चक्क उन्हाळे लागले होते.

तर कोकण मुंबईकडून येणाऱ्यांनी ही एक गोष्ट पहिल्या दिवशी डोक्यात पक्की बसवा. तिकडे हवेत आधीच दमटपणा असतो म्हणून घाम अंगावर राहतो, दिसतो, आणि आपण आपोआप पाणी पितो. इथे हवा इतकी कोरडी की घाम येता येता उडून जातो. शरीरातलं पाणी आणि मीठ जातंच आहे, पण तुम्हाला ते दिसत नाही. "मला घाम येत नाहीये म्हणजे मी ठीक आहे" हा हिशोब इथे चालत नाही. पुण्याहून येणाऱ्यांना कोरडी हवा थोडी ओळखीची असते, पण पुण्याला संध्याकाळी गार होतं, इथे मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा भिंतीला हात लावला तर कोमट लागते.

पहिले दोन आठवडे अंगाला सवय करू द्या

नवीन गावी आलं की घर लावायचं असतं, गॅसचं कनेक्शन, सामान, शाळेच्या चकरा, सगळं एकदम करावंसं वाटतं. एप्रिल ते जूनमधे आला असाल तर हे करू नका. शरीराला नव्या उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, तेवढ्या दिवसांत घाम लवकर यायला लागतो आणि घामातून मीठ कमी जायला लागतं, म्हणजे अंग स्वतःच शिकतं. पण त्यासाठी रोज थोडं थोडं उन्हात जावं लागतं. दिवसभर एसीत बसून अकराव्या दिवशी थेट दुपारी स्टेशनला सामान आणायला गेलात तर ती सवय झालेलीच नसते. सकाळी अर्धा तास चाला, मग हळूहळू वाढवा. खेळाच्या कोर्सला आलेल्या मुलामुलींनी तर हे फारच मनावर घ्या. सीनियर पळतायत म्हणून तुम्ही पहिल्याच आठवड्यात त्यांच्या बरोबरीने पळायचं नाही, कोचला सरळ सांगायचं की सर मी नवीन आहे. यात लाजण्यासारखं काही नाही.

बीपीच्या, लघवी जास्त होण्याच्या, मनाच्या आजाराच्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर इथे आल्यावर एकदा डॉक्टरना भेटून विचारा, कारण यातल्या काही गोळ्यांनी शरीराचं पाणी किंवा घाम कमी होतो. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गाडीत, खिडकीत, पर्समधे ठेवायचं नाही, फ्रीजमधे ठेवा, लाईट फार वेळ गेली तर ओल्या मातीच्या माठात कोरड्या डब्यात घालून ठेवलं तरी बाहेरच्यापेक्षा पुष्कळ गार राहतं.

दिवस उलटा लावायला शिका

इथले लोक उन्हाळ्यात दिवसाचे दोन दिवस करतात. सकाळी दहाच्या आत जे उरकायचं ते उरकायचं, मग संध्याकाळी साडेसहानंतर. बाडा, सराफा, दौलतगंज, पाटणकर बाजार इथली खरी गर्दी संध्याकाळीच. मधल्या वेळात रस्ता कसा ओस पडतो ते पहिल्यांदा बघितलं की जरा भीतीच वाटते, पण त्यात शहाणपण आहे. पेपरात ४४ लिहिलेलं असतं ते सावलीत, हवा खेळती असलेल्या पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं असतं. तुम्ही उभे असता डांबरी रस्त्यावर, भर उन्हात, शेजारी बसचं इंजिन, तेव्हा तुमच्या अंगाला लागणारी उष्णता त्याहून बरीच जास्त असते हे लक्षात ठेवून प्लॅन करा. आपल्यासारख्या मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार डिग्री जास्त गेला, किंवा सरळ ४५ ला टेकला, की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. ग्वाल्हेरला मे महिन्यात ४५ म्हणजे काही अपूर्वाई नाही. त्यात सूर्य रोहिणीत गेल्यापासूनचे नऊ दिवस, साधारण २५ मे ते २ जून, याला इथे नौतपा म्हणतात, त्या दिवसांत लग्नाचं बोलावणं सोडून दुपारचं बाकी सगळं पुढे ढकललं जातं. लू म्हणतात ते राजस्थानकडून येणारे कोरडे गरम वारे, ओव्हनचं दार उघडल्यासारखी झळ येते तोंडावर.

किल्ला बघायची घाई सगळ्यांना असते. जा, जरूर जा, पण अगदी सकाळी. मानमंदिर, सास बहू मंदिर, तेली का मंदिर ही सगळी एकमेकांपासून लांब आहेत आणि मधे सगळं उघडं पठार. पायात मोजे घाला किंवा बरोबर ठेवा, चप्पल काढून आत जायचं असेल तर दहा वाजताच दगड तापलेला असतो, माझ्या भाचीच्या तळव्याला चक्क फोड आलेला.

पाणी, मीठ आणि पन्हं

तहान लागण्याची वाट बघायची नाही. मोठ्या माणसाने दिवसभरात अडीच तीन लिटर तरी, बाहेर काम असेल तर त्याहून जास्त, आणि एकदम ढसाढसा नाही, दर अर्ध्या पाऊण तासाने अर्धा ग्लास. लघवीचा रंग बघत जा, हे सगळ्यात सोपं मीटर आहे. फिकट पिवळा म्हणजे ठीक, गडद झाला की लगेच पाणी वाढवा. सहा सहा तास लघवीलाच गेला नाहीत तर ते चांगलं लक्षण नाही. नोकरी करणाऱ्या बायका बाहेर बाथरूम नीट नसतं म्हणून पाणीच पीत नाहीत, मीही केलंय हे पहिली दोन वर्षं, आणि त्याची किंमत मूतखड्याच्या रूपाने मोजलीय, म्हणून कळकळीने सांगते की असं करू नका. किडनीचा किंवा हार्टचा त्रास असणाऱ्यांनी मात्र पाणी आणि मीठ किती घ्यायचं ते डॉक्टरना विचारूनच.

ओआरएसची चार पाकिटं घरात कायम ठेवा, आणि विकत घेताना डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं पाकीट बघून घ्या, एक लिटर पाण्याचं. नावात ओआरएस घालून विकली जाणारी गोड सरबतं वेगळी, त्यावर २०२५ च्या ऑक्टोबरमधे एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने, ते नाव वापरायला बंदीही केली. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा छोटा. सपाट हा शब्द महत्त्वाचा आहे, अंदाजाने मीठ जास्त पडलं तर लहान मुलांना त्रास होतो. आणि हे रोजचं पेय नाही, उलटी जुलाब झाले, खूप वेळ उन्हात राहिलात, गळून गेल्यासारखं झालं तरच.

रोजच्यासाठी आपलं ताक आहे, लिंबू सरबत आहे आणि पन्हं आहे. आमच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं होतं तेव्हापासून कैऱ्या घरात असतातच. सासूबाई दोन पातेली करायच्या. एकात उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा, मीठ, हे आपलं. दुसऱ्यात गॅसवर भाजलेल्या कैरीचा गर, पुदिना, भाजलेलं जिरं, काळं मीठ, गूळ अगदी नावाला, हा इथला पना. बाहेर जाऊन आलेल्याला दुसरं द्यायच्या, कारण त्यात मीठ नीट असतं. मला विचाराल तर उन्हातून आल्यावर भाजलेल्या कैरीचंच चांगलं लागतं, गोड पन्हं नंतर पुन्हा तहान लावतं. माठात वाळ्याची जुडी टाका, पाण्याला असा वास येतो की मुलंसुद्धा मागून पितात. कोकम आगळ गावाहून येताना दोन बाटल्या घेऊन या, इथे सहज मिळत नाही. आणि फालसे दिसले तर सोडू नका, ती छोटी जांभळी फळं हातगाडीवर थोडेच दिवस येतात.

खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही असं इथे प्रत्येक जण सांगेल. प्रेमाने सांगतात, ठेवा हवं तर, पण खिशातला कांदा काही करत नाही, त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी विसरू नका. कांदा जेवणात खा, काकडीबरोबर.

बाकी खाण्याचं थोडक्यात. रात्रीची आमटी ओट्यावर ठेवली तर सकाळी आंबलेली असते, म्हणून मोजकंच करा नाहीतर लगेच फ्रीजमधे टाका. कापून ठेवलेलं टरबूज, गाडीवरचा बर्फ, उघडी चटणी या तीन गोष्टींपासून पहिल्या उन्हाळ्यात लांब राहा, कावीळ आणि टायफॉइड इथे उन्हाळ्यात हमखास ऐकू येतात. टरबूज अख्खं घ्या आणि घरी कापा.

कूलर कसा लावायचा

हे वेगळं लिहायला हवं कारण मुंबईकडची माणसं हमखास चुकतात. एसीसारखी दारं खिडक्या बंद करून कूलर लावतात आणि मग म्हणतात की चिकट होतंय, गार होत नाही. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढून आत टाकतो, पाणी उडताना हवा गार होते. म्हणजे तो खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा आणि समोरचं एक दार किंवा खिडकी थोडी उघडी हवी, ओली हवा बाहेर जायला. जाळीतलं गवत, इथे त्याला घास म्हणतात, दरवर्षी मार्चमधे बदलून घ्या, जुन्यावर क्षार बसून ते कडक होतं. खसची जाळी महाग पडते पण पहिल्या दिवशीचा तो वास, काय सांगू.

दर आठवड्याला एकदा कूलर पूर्ण रिकामा करायचा आणि आतल्या भिंती ब्रशने घासायच्या. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेपाशी भिंतीला चिकटलेली असतात. आणि एक हात जोडून सांगते, पाणी भरताना, घासताना, लहान मुलांचा बॉल तिकडे गेला तरी, आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करायचं नाही. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय, दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी यातून वाईट घडतं. भाड्याचं घर असेल तर राहायला जायच्या आधीच इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग चेक करून घ्या, घरमालक काहीही म्हणोत.

कूलर नसेल आणि नुसता पंखा असेल तर पारा ४० च्या वर गेला की कोरड्या अंगावर पंखा गार करत नाही, उलट गरम हवाच मारतो. अंग ओलं ठेवा. ओला पंचा मानेवर, हातापायांवर पाणी शिंपडा, मग पंखा लावा. पडदे सकाळी नऊलाच ओढून घ्या, रात्री सगळं उघडा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापतं की हाताला चटका बसतो, म्हणून सकाळी सहाला दोन बादल्या भरून बाथरूममधे ठेवायच्या, दुपारच्या आंघोळीला त्याच. कधी कधी उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तिघऱ्याच्या धरणाची पातळी उतरली की, त्यामुळे साठवणीचं भांडं मोठं घ्या आणि झाकण घट्ट बसणारं.

आता स्किन

इथे माझं मत आधी स्पष्ट सांगते. काळं पडण्याची भीती सोडून द्या, तो रंग आपला आहे आणि तोच आपल्याला थोडंफार वाचवतो. काळजी करायची ती स्किन भाजण्याची, सोलवटण्याची, वांग येण्याची आणि फंगसची.

उन्हाचा सगळ्यात जास्त मारा सकाळी दहा ते दुपारी चार. घड्याळ नको असेल तर सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन कडक आहे. जूनमधे ग्वाल्हेरला बारा साडेबाराला सावली जवळजवळ पायाखालीच येते. आणि झळ लागणं वेगळं, स्किन भाजणारे किरण वेगळे, वारा असला, ढग असले, गरम वाटत नसलं तरी ते येतातच.

पहिला बचाव कपड्याचा. स्कूटीवरून जाताना पूर्ण बाह्या, हातमोजे, डोक्यावरून तोंडावरून ओढणी, पुरुषांना गमछा, इथे कोणी तुमच्याकडे वळून बघणार नाही, सगळेच तसे जातात. कपडा सुती, सैल, पण एकदम विरळ नको. कापड उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार येतं, आणि पातळ पांढरा कपडा ओला झाला की आणखी कमी अडवतो. छत्री वापरा. छत्री ही पावसाची वस्तू हे डोक्यातून काढा, मी आठ महिने छत्री वापरते, त्यातले तीन पावसाचे. गॉगल यूव्ही ४०० लिहिलेला घ्या.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५०, ब्रॉड स्पेक्ट्रम, पीए तीन प्लस तरी. ३० वालं यूव्हीबी किरण साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८, म्हणजे मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे देण्यात अर्थ नाही, तेच पैसे पुरेसं लावण्यात घाला. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं लागतं. आपण वाटाण्याएवढं लावतो आणि मग म्हणतो उपयोग होत नाही. बाहेर पडायच्या पंधरा वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी परत. कान, मानेचा मागचा भाग, पायाच्या चपलेच्या पट्ट्यांमधली जागा, हे विसरलं जातं.

मला दुसऱ्या मुलीच्या वेळी गालांवर वांग आलं, अजून आहे, उन्हाळ्यात गडद होतं. वांग असणाऱ्यांसाठी माझ्या डॉक्टरनी सांगितलेली गोष्ट अशी की नुसत्या यूव्हीनेच नाही, दिसणाऱ्या उजेडानेही वांग वाढतं, म्हणून रंग असलेलं, टिंटेड सनस्क्रीन, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते जास्त कामाचं. मुरमांसाठी किंवा दुसऱ्या कशासाठी गोळ्या, क्रीम चालू असतील तरी विचारून घ्या, डॉक्सीसायक्लिन आणि रेटिनॉइड्सनी स्किन उन्हात लवकर भाजते.

चेहऱ्यावर लिंबू चोळू नका, चोळून उन्हात तर अजिबात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन मिळून खरोखर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. मुलतानी माती मुंबईच्या तेलकट चेहऱ्याला चालत असेल, इथल्या कोरड्या लूमधे ती उरलंसुरलं तेलही ओढून घेते.

इथे दिवसातून दोनदा तीनदा आंघोळ होते, मग प्रत्येक वेळी सगळ्या अंगाला साबण नको. एकदा साबण, तोही काखा, जांघा, पाय एवढ्यालाच, बाकी वेळा नुसतं पाणी. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. उन्हाळ्यात मॉइश्चरायझर कशाला असं मीही म्हणायचे, मग मे महिन्यात नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी स्किन झाली. ओठांना जीभ लावू नका, साधं व्हॅसलीन लावा. दिवसभर उन्हात राहून अंग लाल, गरम झालं तर गार पाण्याच्या घड्या, साधं कॅलामाइन किंवा कोरफडीचं जेल, फोड फोडायचे नाहीत, बर्फ थेट चोळायचा नाही, टूथपेस्ट तर बिलकुल नाही.

कोरड्या हवेत घोळणा फुटतो, विशेषतः मुलांचा. मान मागे टाकायची ही जुनी सवय सोडा, रक्त घशात जातं. बसवा, थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं घड्याळ लावून धरा, मधे मधे सोडून बघू नका. तोंडाने श्वास घेऊ द्या. वीस मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर.

ऊन लागलं तर

हा भाग नवरा बायको, रूममेट, सगळ्यांनी वाचा, कारण ज्याला ऊन लागतं त्याला स्वतःला ते कळत नाही.

आधीची पायरी असते, भरपूर घाम, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, गळून जाणं. माणूस नीट बोलत असतो. सावलीत आणा, कपडे सैल करा, पाय वर, ओआरएस घोट घोट, अंग पुसा. अर्ध्या तासात बरं वाटायला लागलं पाहिजे.

खरा धोका पुढचा. आमचे सासरे, बाबा, तेव्हा ७२ चे होते, जून महिना, लाईट गेलेली, दुपारी झोपले होते. चारला चहा घेऊन गेले तर मला म्हणाले, "मास्तर, फी भरलीय मी." मला आधी वाटलं झोपेत आहेत. हात लावला तर अंग तव्यासारखं, थर्मामीटर १०५. शेजारची भाभी आणि मी मिळून त्यांचा सदरा काढला, माठातलं सगळं पाणी अंगावर ओतलं, ओली चादर गुंडाळली आणि भाभी वहीने जोरजोरात वारा घालत राहिली, फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधून मानेला, काखेत, जांघेत. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत १०२ वर आलं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की ही जी वीस मिनिटं तुम्ही पाणी ओतलंत ना, त्यानेच वाचले.

म्हणून क्रम लिहून ठेवा, फ्रीजवर चिकटवा. असंबद्ध बोलणं, तोल जाणं, झटके, शुद्ध हरपणं आणि अंग १०४ किंवा जास्त, म्हणजे उष्माघात. अंग कोरडं असेलच असं नाही, घाम असला तरी उष्माघात असू शकतो. एकाने १०८ ला फोन लावायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने गार करायला सुरुवात करायची, अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही. पाणी, वारा, बर्फ, जे मिळेल ते. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी, पन्हं, काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जाईल, कुशीवर वळवून ठेवा. तापाची पॅरासिटामॉलची गोळी इथे काम करत नाही, हा तो ताप नव्हे. मोठा सरकारी दवाखाना म्हणजे कंपूजवळचं जयारोग्य, गजराराजा मेडिकल कॉलेजचं, आल्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा सकाळी जाऊन इमर्जन्सीचं गेट कुठे आहे ते बघून या. म्हातारी माणसं एकटी राहत असतील शेजारी तर दुपारी चारला एक हाक मारत जा. आणि बंद गाडीत मूल ठेवून "दोन मिनिटांत येते" हे कधीही, कधीही नाही.

जूनच्या शेवटी सगळं उलटं होतं

साधारण जूनचा शेवटचा आठवडा आला, पहिले पाऊस पडले, की हवा दमट होते आणि एक दिवस कूलर लावूनही गार वाटत नाही. कूलर बिघडलेला नसतो, ओल्या हवेत पाणी उडतच नाही. तेव्हा कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. आता डोंबिवलीसारखा घाम दिसायला लागतो आणि घामोळ्या सुरू होतात. घामोळ्या म्हणजे घामाची छिद्रं बुजणं, त्यावर पावडरचे थर दिले तर आणखी बुजतात. गार पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडे, कॅलामाइन, पुरे.

याच दिवसांत गजकर्ण येतं, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, छातीच्या खाली. गोल, कडेला लाल, खूप खाज. मी मेडिकलवाल्याला दाखवलं, त्याने एक ट्यूब दिली, चार दिवसांत खाज गेली आणि महिन्याभरात ते कमरेभर पसरलं. ट्यूबमधे स्टेरॉइड होतं. त्याने खाज दबते, फंगस मात्र आतून वाढत जातो आणि मग साध्या औषधाने बरा होत नाही, मला तीन महिने लागले. ट्यूबच्या पाठीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन असलं काही वाचलं तर गजकर्णाला लावू नका, स्किनच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांनी सांगितलेले दिवस औषध पूर्ण करा, खाज थांबली तरी. घरात एकाला झालं की टॉवेल वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवायचे, आणि आंघोळीनंतर जांघा, बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय कपडे घालायचे नाहीत.